चार महिने परदेशात शिकवून आले, पण माझ्यात काही बदललंच नाही

प्रश्न

पत्र लिहिणारी मुलगी भाषा शिकवण्याचं प्रशिक्षण घेतेय, शेवटचं वर्ष आहे. कोर्सचा भाग म्हणून ती चार महिने परदेशातल्या एका शाळेत इंटर्न होती (देश, भाषा, शाळा तिने कळवलंय, पण इथे मुद्दाम देत नाही). सुरुवातीचे आठवडे मागे बसून निरीक्षण, मग तिने धडा मोठ्याने वाचायचा आणि मुलांनी तिच्यामागून म्हणायचं, एवढंच काम होतं. सातव्या आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण तास मिळाला. तिने मुलांना बोलतं करायची एक ॲक्टिव्हिटी रात्री जागून तयार केली होती. प्रश्न विचारला, वर्ग गप्प. दुसरा विचारला, तरी गप्प. दहा मिनिटांनी वर्गाच्या मुख्य शिक्षिका उठल्या, मुलांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि उरलेला तास त्यांनीच घेतला. त्यानंतर ही वर्कशीट बनवणं, तक्ते लावणं, वह्या तपासणं यातच राहिली.

आता ती परत आलीय आणि ‘या इंटर्नशिपने मला शिक्षिका म्हणून कसं घडवलं’ असा रिपोर्ट महिनाअखेर द्यायचाय. बॅचमधल्या बाकीच्यांनी भरभरून लिहिलंय, हिच्याकडे तसं काही नाहीये. त्यात त्याच देशात दुसऱ्या एका शाळेत वर्षभर सहायक शिक्षिका म्हणून जायची ऑफर आलीय. घरचे म्हणतात जा, हिला वाटतंय शिकवणं सोडून भाषांतराकडे वळावं. ‘ताई, ती भाषा मला पाण्यासारखी येते, तरी मला शिकवता आली नाही. रिपोर्टमध्ये खोटं लिहू का? आणि परत जाऊ का?’ शेवटी ताजा कलम आहे : ‘शेवटच्या दिवशी एका मुलीने मला चार ओळींची चिठ्ठी दिली. मी चार महिने तिथे असूनही त्यात तीन चुका होत्या.’

उत्तर

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पडलेला तास ज्या मुलीला इतका मिनिटामिनिटाने आठवतोय ती शिक्षिका होण्यापासून फार लांब नाहीये, हे आधी सांगते. ही तुझी समजूत घालणं नाहीये, मी इतकी वर्षं शिकाऊ शिक्षकांसोबत काम करतेय आणि ज्यांना तासाला काय झालं हे आठवतच नाही, फक्त ‘छान झाला’ किंवा ‘वाईट झाला’ एवढंच सांगता येतं, त्यांच्यासोबत काम करणं मला खरंच जड जातं.

पण तुझ्या पत्रात बऱ्याच गोष्टी तू धरूनच चाललीयेस, आणि त्या धरल्यामुळे पुढचे सगळे प्रश्न आहेत त्यापेक्षा मोठे दिसतायत. एकेक बघू या.

सुरुवात त्या गप्प बसलेल्या वर्गापासूनच करते. तू लिहितेस ‘दहा मिनिटं कोणीच बोललं नाही’. मला विचारायचंय, एक प्रश्न विचारल्यावर दुसरा विचारेपर्यंत तू किती सेकंद थांबलीस? आठवत नसेल, कोणालाच आठवत नाही, कारण समोर उभं राहिलं की दोन सेकंदांची शांतता सुद्धा खायला उठते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या तासांची रेकॉर्डिंग ऐकून हेच मोजलं होतं, आणि शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा पुढचा प्रश्न टाकतात असं तिला दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब यायला लागली, जास्त मुलं बोलायला लागली. आणि हे विज्ञानाचे तास होते, मुलांच्या रोजच्या भाषेत चाललेले. तुझ्या वर्गात तर मुलांना आधी तुझा प्रश्न परक्या भाषेत ऐकायचा होता, मनात उलगडायचा होता, उत्तर सुचवायचं होतं, मग ते परत त्याच परक्या भाषेत जुळवायचं होतं, आणि एवढं करून ते सगळ्या वर्गासमोर, एका पाहुण्या शिक्षिकेसमोर, चूक होण्याची भीती घेऊन बोलायचं होतं. इतकं सगळं होईपर्यंत तू दुसरा प्रश्न विचारलेला, म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात. मला तरी तो वर्ग मेलेला वाटत नाही, मला तो कामात असलेला वर्ग वाटतो ज्याला वेळ मिळाला नाही.

आता हे बघ की गप्प वर्ग म्हणजे फसलेला वर्ग हे तुला कोणी सांगितलं? कोर्समध्ये थोडं सांगितलं असेल, पण त्याच्या कितीतरी आधी तू शाळेत बसून शिकलीस की चांगला तास कसा दिसतो, चांगले विद्यार्थी कसे वागतात, शिक्षकाने कुठे उभं राहायचं. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हिशेब मांडला होता की शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याने साधारण १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात घालवलेले असतात. म्हणजे प्रशिक्षणाला बसण्याआधीच आपण एक मोठी शिकाऊ उमेदवारी करून आलेलो असतो, आणि गंमत अशी की ती सगळी विद्यार्थ्याच्या बाकावरून, शिक्षक मनात काय ठरवत होता ते न दिसता. परदेशातल्या वर्गात गेल्यावर हे १३,००० तास एकदम उघडे पडतात. तिथे हात वर करत नाहीत, किंवा न विचारताच बोलतात, किंवा आधी शेजाऱ्याशी बोलून मगच उत्तर देतात, आणि आपल्याला वाटतं यांचं काहीतरी चुकतंय. खरं तर तेव्हा पहिल्यांदा आपल्या डोक्यातला वर्ग आपल्याला दिसत असतो.

तू म्हणतेस काही बदललं नाही, पण मला वाटतं तुला हे दिसलंय, फक्त तू त्याला ‘मला जमलं नाही’ असं नाव दिलंयस.

आता त्या मुख्य शिक्षिका. तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल राग नाही, पण त्या उठल्या तो क्षण तुझ्या मनात अडकून बसलाय हे कळतं. सगळ्या वर्गासमोर कोणी आपला तास हातात घेतला की काय होतं ते मला माहीत आहे. पण मला तुला विचारायचंय की नंतर तू त्यांच्याशी याबद्दल बोललीस का? पत्रात तसं कुठेच नाही. त्या मुलांना काय म्हणाल्या ते तुला कळलं नाही, तू त्यांची भाषा शिकत होतीस पण तेवढी येत नव्हती, आणि तू धरून चाललीस की त्या म्हणाल्या असतील ‘हिला जमत नाहीये’. त्या कदाचित तुझा प्रश्नच समजावून सांगत असतील. कदाचित पुढच्या आठवड्यात परीक्षा असेल आणि धडा संपवायचा असेल. कदाचित त्यांना तुला वाचवायचं होतं. मी त्यांची बाजू घेत नाहीये, न बोलता तास घेणं मला आवडलेलं नाही आणि तासानंतर तुझ्याशी बोलणं हे त्यांचं काम होतं, पण तुझ्याकडे जी माहिती नाही ती तू स्वतःविरुद्ध भरून काढलीयेस.

यात एक जुनी अडचण पण आहे, ती तुझ्या एकटीची नाही. परदेशी सहायक शिक्षक पाठवायची पद्धत खूप जुनी आहे, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये भाषा-सहायकांची देवाणघेवाण १९०५ पासून चालू आहे, जपानचा जेट प्रोग्राम १९८७ साली सुरू झाला आणि त्यात दर वर्षी जगभरातून तरुण मुलं सहायक म्हणून शाळांमध्ये जातात. पण सहायकाने वर्गात नक्की करायचं काय हे अनेकदा त्या त्या शाळेवर आणि त्या त्या शिक्षकावर सोडलेलं असतं. एकीकडे त्याला अर्धा तास पूर्ण मोकळा देतात, दुसरीकडे त्याचा उपयोग चालत्याबोलत्या टेपसारखा होतो, तू वाच आणि मुलं म्हणतील. तुझ्या वाट्याला दुसरं आलं. मग सातव्या आठवड्यात एकदम पूर्ण तास. मधल्या पायऱ्याच नव्हत्या, पाच मिनिटांचा एक खेळ, मग दहा मिनिटांचा एक भाग, मग दोघींनी मिळून घेतलेला तास, असं काहीच नाही. हा दोष आखणीचा आहे, तो तू अंगावर घेऊ नकोस.

‘भाषा मला पाण्यासारखी येते तरी शिकवता आली नाही’ या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. यातला ‘तरी’ मला काढून टाकावासा वाटतो. पाण्यासारखी येते म्हणूनच शिकवणं अवघड गेलं. उदाहरण आपल्या मराठीचंच घेते म्हणजे वाचणाऱ्या सगळ्यांना कळेल. आपण म्हणतो ‘मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं’. नव्याने मराठी शिकणारा माणूस विचारतो, लिहिणारी तूच ना, मग दर वेळी क्रियापद का बदललं? आणि आत्ता तर तू ‘मी लिहिते’ म्हणालीस, तिथे ते तुझ्याप्रमाणे चाललं होतं, भूतकाळात गेल्यावर ते निबंधाच्या आणि चिठ्ठीच्या मागे का गेलं? किंवा ‘मला आठवतं’ मध्ये आठवणारी मी, पण वाक्यात ‘मी’ कुठेच नाही. किंवा ‘आम्ही जाणार’ आणि ‘आपण जाणार’ यात ऐकणारा माणूस धरलाय की नाही हा केवढा मोठा फरक आहे, आणि आपण तो दिवसातून शंभरदा करतो पण कोणी विचारेपर्यंत आपल्याला त्याचा पत्ता नसतो. भाषा अशी आतून येत असली की तिचे जोड दिसत नाहीत. समोर एखादा असा माणूस यावा लागतो ज्याच्याशी दुसरी कुठलीच भाषा आपली जुळत नाही आणि ज्याला ‘असंच म्हणतात’ हे उत्तर पुरत नाही, तेव्हाच ते जोड दिसायला लागतात.

माझ्या मते परदेशातल्या इंटर्नशिपमधून शिकाऊ भाषा-शिक्षकाला मिळणारी खरी गोष्ट हीच आहे. नवीन देश, नवीन माणसं हे सगळं छान असतंच, पण शिक्षक म्हणून जी घडण होते ती या एका अडचणीतून होते की विद्यार्थी आणि मी यांच्यात सामायिक भाषा नाही. आपल्या इथे शिकवताना एखादा शब्द अडला की आपण पटकन मुलांच्या भाषेत सांगून मोकळे होतो. तिथे ती पळवाट बंद असते. मग सूचना लहान कराव्या लागतात, चित्र काढावं लागतं, हातवारे, आवाज, एक उदाहरण करून दाखवणं, एकच गोष्ट तीन प्रकारे सोपी करून सांगणं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या परदेशी वर्गात (खूप वर्षं झाली) मी मुलांना जोड्या करायला सांगितलं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, मग उलट करायचं, लिहायचं नाही, फक्त बोलायचं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि कोणीच जागचं हललं नाही. मी परत सांगितलं, जरा मोठ्याने, अजून चार शब्द घालून. एका मुलाने घाबरून वही उघडली आणि लिहायला लागला, मग बाकीच्यांनीही वह्या उघडल्या. त्या रात्री मी काय काय बोलले ते आठवून कागदावर उतरवलं तेव्हा दिसलं की एका साध्या सूचनेसाठी मी सहा वाक्यं वापरली होती आणि ‘लिहू नका’ मधलं ‘लिहू’ तेवढंच मुलांच्या कानाने पकडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी एका मुलीला पुढे बोलावलं, तिच्यासोबत तो सवाल-जवाब करून दाखवला, आणि फक्त हाताने खूण केली. वर्ग सुरू झाला. सूचना सांगायची नसते, करून दाखवायची असते हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलं सुद्धा होतं. कळलं त्या दिवशी. पण एक सांगते, ते मला त्या तासात कळलं नाही, रात्री कागदावर उतरवलं तेव्हा कळलं. तो कागद लिहिला नसता तर माझ्याकडेही फक्त ‘माझा तास फसला’ एवढीच आठवण राहिली असती.

आणि इथे मला तुझ्या त्या मुख्य शिक्षिकांकडे परत जायचंय. त्या ती भाषा परकी म्हणून शिकल्या, घाम गाळून. मुलं कुठे अडखळतील हे त्यांना आधीच माहीत असतं कारण त्या स्वतः तिथेच अडखळल्या होत्या. जन्मापासून भाषा बोलणारा तोच उत्तम शिक्षक ही समजूत जगभर आहे, नोकरीच्या जाहिरातींमध्ये सुद्धा दिसते, आणि रॉबर्ट फिलिप्सन या भाषातज्ज्ञाने १९९२ सालीच तिला सरळ भ्रम म्हटलं होतं. तुझ्याकडे आवाज होता, ओघ होता, त्यांच्याकडे वाटेतले खड्डे माहीत असणं होतं. हे दोन एकत्र यायला हवे होते, ते आले नाहीत, ही त्या चार महिन्यांतली माझ्या मते सगळ्यात मोठी हुकलेली गोष्ट आहे. पण ती अजून पूर्ण हुकलेली नाही. त्यांना एक पत्र लिही. माफी नको, तक्रार नको. एवढंच विचार की त्या दिवशी मुलांना तुम्ही काय सांगितलंत आणि माझा प्रश्न त्यांना कुठे अडला असं तुम्हाला वाटतं. उत्तर येईल न येईल, पण विचार.

अजून एक गोष्ट तू एकत्र मिसळलीयेस. तुला जे झालं त्यातलं परदेशामुळे किती आणि पहिल्यांदाच वर्गासमोर उभी राहिलीस म्हणून किती? सायमन वेनमन या डच संशोधकाने १९८४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले ८३ अभ्यास एकत्र करून बघितले, विषय नवीन शिक्षकांच्या अडचणी, आणि वर्गावर ताबा ठेवणं पहिलं निघालं, मुलांमध्ये उत्साह आणणं दुसरं. ही माणसं आपापल्याच देशात, बहुतेक आपल्याच भाषेत शिकवत होती. म्हणजे ‘मुलं प्रतिसाद देत नाहीत’ हे दुखणं विमानात बसून येत नाही, ते पहिल्या वर्षात सगळ्यांच्याच वाट्याला येतं. तुला दोन धक्के एकाच वेळी बसले आणि तू दोन्हींचं मिळून एकच नाव ठेवलंस. वेगळे करून बघ, दोन्ही लहान होतील.

रिपोर्टबद्दल आता. खोटं लिहू नकोस. यात नीतीचा भाग आहेच पण मला दुसरी भीती जास्त वाटते, की तू एकदा ‘या अनुभवाने माझा आत्मविश्वास वाढला’ असं लिहिलंस की तो खरा तास कायमचा झाकला जाईल आणि तुझा एवढा महाग पडलेला अनुभव वाया जाईल. पण ‘काहीच झालं नाही’ हेही खरं नाहीये, ते नुसतं थकलेलं वाक्य आहे. तर असं कर. चार महिन्यांबद्दल लिहूच नकोस. त्या दहा मिनिटांबद्दल लिही. आधी एका पानावर फक्त काय घडलं ते, मत न घालता, जणू खोलीत कॅमेरा होता. मी काय विचारलं, नेमक्या शब्दांत. किती थांबले. कोणी कोणाकडे बघितलं. कोणी वहीत काही लिहिलं का, कोणाचे ओठ हलले का. मग दुसऱ्या पानावर, त्या वेळी मी काय धरून चालले होते. आणि मग, तोच तास उद्या परत मिळाला तर त्यातली एकच गोष्ट बदलायची असेल तर कुठली. एकच. (सगळं बदलते म्हणणं सोपं असतं, त्यातून काही कळत नाही.) तुझे परीक्षक जर खरोखर शिक्षक असतील तर ‘मी खूप शिकले’ च्या दहा पानांपेक्षा ही तीन पानं त्यांना जास्त बोलतील, आणि शंका वाटत असेल तर लिहिण्याआधी जाऊन सरळ विचार की एका तासावर खोलात लिहिलं तर चालेल का. बहुतेक चालतं. शाळेचं, मुलांचं, त्या शिक्षिकांचं नाव मात्र टाकू नकोस, ओळख पटेल असे तपशीलही नको. आणि एक वाक्य टाळ, ‘तिथली मुलं लाजाळूच असतात’ टाईपचं. तू एका शाळेतले दोनतीन वर्ग बघितलेस, एक देश नाही.

बॅचमधल्या बाकीच्यांचे रिपोर्ट वाचून तुला वाईट वाटतंय ते समजतं. मी कोणाला खोटं म्हणत नाही, काहींना खरंच खूप मिळालं असेल. पण मी बघितलंय की एकाच शाळेत एकामागोमाग गेलेल्या दोन मुलींपैकी एक पार वेगळी शिक्षिका होऊन येते आणि दुसरी होती तशीच, आणि फरक बहुतेक वेळा हुशारीचा नसतो. एकीला दर आठवड्याला अर्धा तास बसून ‘या आठवड्यात काय झालं’ असं विचारणारं कोणीतरी होतं. दुसरीला नव्हतं. नुसतं परदेशात असणं काही करत नाही. तुला ते माणूस मिळालं नाही, म्हणून मी वर तुला एवढे प्रश्न विचारत बसलेय.

परत आल्यावर जे सुन्न वाटतंय त्याबद्दल थोडंच लिहिते. परदेशातून परतल्यावर आपल्याच ठिकाणी परकं वाटणं हे इतकं नेहमीचं आहे की १९६३ सालीच दोन अभ्यासकांनी त्याचा इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा आलेख काढला होता, तिकडे एकदा खाली जायचं, सावरायचं, आणि परत आल्यावर पुन्हा एकदा खाली. सगळ्यांना तो तसाच लागू होत नाही, पण सांगायचं एवढंच की परतल्यावर पहिल्या महिन्यात ‘माझं काहीच झालं नाही’ असं वाटतं त्यावरून आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत.

म्हणून ऑफर. घरचे म्हणतात जा म्हणजे सीव्हीवर दिसेल. दिसेल, खरं आहे. पण मला तुझ्याबद्दल भीती अशी वाटते की तीच भूमिका, वाच आणि मुलं म्हणतील, अजून वर्षभर केलीस तर ते वर्ष त्याच चार महिन्यांचं तिप्पट लांब रूप होईल आणि मग तू नक्कीच शिकवणं सोडशील. म्हणून हो किंवा नाही म्हणण्याआधी त्या शाळेला मेल कर आणि विचार. आठवड्यातले किती तास मी स्वतः घेणार आणि किती सोबत असणार? माझे तास कोण बघणार, आणि बघून नंतर माझ्याशी बसून बोलणार का, कधी? आधीचा सहायक काय करत होता, त्याच्याशी बोलता येईल का? (हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आधीच्या सहायकाच्या दहा मिनिटांच्या फोनमध्ये जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.) त्यासोबत रुक्ष पण गरजेचं, करार लेखी आहे का, व्हिसा कुठल्या प्रकारचा आणि त्यावर पगारी काम चालतं का, विमा कोणाचा, राहायची सोय कोणाची, काही बिनसलं तर शाळेबाहेरचं कोण माणूस फोन उचलणार. उत्तरं मोघम आली तर तेच उत्तर समज.

माझं मत विचारशील तर, तास बघणारं आणि बोलणारं माणूस नक्की असेल तर जा, आणि जाताना यावेळी पहिल्या आठवड्यातच मुख्य शिक्षिकांना सांग की मला पाच मिनिटांपासून सुरुवात करायचीय. तसं माणूस नसेल तर नको. त्याऐवजी इथेच सहा महिने अगदी नवशिक्या लोकांचा एखादा वर्ग घे, मोठ्या माणसांचा असेल तरी चालेल, आणि स्वतःला अट घाल की तासाची पहिली वीस मिनिटं मुलांच्या भाषेत एक शब्द बोलायचा नाही. आणि कोणालातरी मागे बसव. परदेशातली अडचण थोडी तरी तू इथे तयार करू शकतेस, आणि ज्या मुलामुलींना पैशामुळे, घरच्या जबाबदारीमुळे किंवा व्हिसामुळे बाहेर जाताच येत नाही त्यांनाही हेच सांगते, कारण यातल्या बऱ्याच इंटर्नशिप बिनपगारी असतात आणि न जाता आलेल्यांना उगाच कमीपणा वाटत राहतो. अजून एक करा, अजिबात न येणाऱ्या भाषेचा क्लास लावा, लिपी सुद्धा वेगळी असलेल्या, आणि पहिले दोन महिने विद्यार्थी म्हणून बसा. प्रश्न विचारल्यावर तोंड का उघडत नाही ते आतून कळतं.

आता जायच्या तयारीत असलेल्यांसाठी एवढंच, की वर्गाबद्दल रोज फक्त पाच ओळी लिहा, पण त्याच दिवशी, आणि त्यातली एक ओळ एखाद्या विद्यार्थ्याने केलेल्या चुकीबद्दल असू द्या, त्याच्याच शब्दांत. आणि तिथल्या शिक्षकांचे तास बघताना फक्त ‘काय वेगळं आहे’ ते टिपू नका, ‘हे असं का करत असतील’ ते त्यांनाच विचारा.

भाषांतराबद्दल मी हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. चांगलं काम आहे, आणि ते तुला खुणावत असेल तर जरूर कर. पण आत्ता तू त्याच्याकडे जात नाहीयेस, त्या दहा मिनिटांपासून लांब जातेयस. रिपोर्ट लिहून झाल्यावर हा प्रश्न स्वतःला परत विचार, तेव्हा जे उत्तर येईल ते मला मान्य आहे.

शेवटी तो ताजा कलम. फ्रान्सिस फुलर नावाच्या एका संशोधिकेने १९६९ मध्ये असं मांडलं की नवीन शिक्षकाचं मन आधी स्वतःभोवती फिरतं, मी कशी दिसतेय, मला जमतंय का, लोक काय म्हणतील, आणि नंतर हळूहळू ते विद्यार्थ्यांकडे वळतं, यांना काय कळलं, यांना कुठे अडतंय. तुझं पत्र जवळजवळ सगळं ‘मी’ ने भरलंय आणि ते असणारच, शिकवण्याच्या तू अजून पहिल्याच वर्षात आहेस. फक्त त्या चिठ्ठीच्या ओळीत एक विद्यार्थिनी आहे. आणि तिथे तू तिच्या तीन चुका मोजल्यास आणि त्या स्वतःच्या खात्यावर लिहिल्यास. पण विचार कर, जिच्या वर्गात कोणी तोंड उघडत नव्हतं अशी एक मुलगी, कोणी सांगितलेलं नसताना, मार्क मिळणार नसताना, परक्या भाषेत चार ओळी स्वतःहून जुळवते. तीन चुका म्हणजे तीन ठिकाणी तिने पाठ केलेलं वाक्य सोडून स्वतःचं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केलाय, बहुतेक. मला नक्की माहीत नाही कारण तू चुका कुठल्या ते लिहिलंच नाहीस.

ती चिठ्ठी बाहेर काढ. नाव झाकून त्या चार ओळी मला जशाच्या तशा उतरवून पाठव, आणि प्रत्येक चुकीखाली तुझ्या मते तिला काय म्हणायचं होतं ते लिही.